तात्पुरता आवाज

किळस उपजत असते, ती कुणी शिकवावी लागत नाही, असं आपण समजतो. अ‍ॅनिमेशनच्या शेवटच्या वर्षाच्या त्या वर्गात मात्र ती रीतसर शिकवली जात होती, आणि विद्यार्थी ती आवडीने शिकत होते.

"बघणाऱ्याच्या पोटात ढवळलं पाहिजे," मालक टेबलावर हात आपटत म्हणाला. "नुसतं घाबरवून काय होतंय? लोक घाबरतात आणि विसरतात. एकदा शिसारी बसली ना, की मग ती जात नाही."

मालक म्हणजे फिल्मचा दिग्दर्शक. वयाने बाकीच्यांएवढाच, पण पहिल्या दिवसापासून 'माझी फिल्म, माझा राक्षस, माझा शॉट' असं पालुपद लावल्यामुळे सगळे त्याला मालक म्हणू लागले, आणि त्याला ते नाव आवडलं, यातच सगळं आलं. राक्षसाला हलवायचं कामही त्याच्याकडेच होतं. प्रकाशाचं काम होतं काजव्याकडे. तो सदानकदा पडदे ओढून, टॉर्च हातात घेऊन अंधारात बसलेला असायचा. आणि आवाजाचं काम कोरणीकडे. कानकोरणीतली कोरणी. दुसऱ्या कुणाला ऐकू न येणारी बारीकशी खरखर हिला ऐकू यायची, आणि ती काढून टाकेपर्यंत ही कुणाला सुखाने बसू द्यायची नाही.

तिघांची फिल्म जेमतेम चार मिनिटांची. स्वयंपाकघरातल्या कपाटामागे एक राक्षस राहतो आणि घरातलं उष्टं खातो. घरातली लहान मुलगी पाणी प्यायला उठते, तिला खाण्याचा आवाज येतो, ती कपाटाच्या फटीतून आत बघते. एवढंच. कुणाच्या तोंडी एक शब्द नाही. म्हणजे सगळी मदार उजेडावर आणि आवाजावर, आणि त्या दोन्हींची आखणी करायला ते तिघं त्या दिवशी बसले होते.

ज्या खोलीत बसले होते तिथेही शिसारीची काही टंचाई नव्हती. खिडकीत ठेवलेल्या कपांमध्ये जुन्या कॉफीवर हिरवी बुरशी धरली होती. कोपऱ्यातलं सिंक तुंबलेलं होतं आणि त्यात कुणाचा तरी चमचा दिवसेंदिवस पोहत होता. पायमोज्यांचा वास, गरम झालेल्या कॉम्प्युटरचा वास, आणि अर्धं खाऊन ड्रॉवरमध्ये विसरलेल्या सँडविचचा वास, असे तीन वास तिथे गुण्यागोविंदाने नांदत होते. कोरणी दाराजवळ बसायची. नाक मुरडते म्हणून बाकीचे तिला हसायचे.

काजव्याने मातीचं एक मुंडकं बनवून आणलं होतं. राक्षसाचं. कॉम्प्युटरमध्ये दिवे लावण्याआधी ते खऱ्या टॉर्चने बघून घ्यायची त्याची पद्धत. त्याने पडदा ओढला.

"दिवा समोर ठेवला की हा नुसता बटाटा दिसतो," तो म्हणाला. "खालून ठेवला की भूत. ते सगळेच करतात. आता बघा." त्याने टॉर्च मुंडक्याच्या मागे, कानापाशी नेली. गालाच्या कडेवर उजेडाची एक बारीक रेघ उमटली, आणि ती रेघ उतरत उतरत ओठाच्या कोपऱ्यापाशी आली. तिथे त्याने ग्लिसरीनचा थेंब लावून ठेवला होता. तो थेंब चमकला.

"लाळ!" मालक आनंदाने ओरडला. "अरे, काय दिसतेय! माझ्या राक्षसाची लाळ!"

काजव्याने टॉर्च जराशी हलवली. थेंब लांबला, ओघळला. कोरणीने मान फिरवली. काजव्याच्या कामात खोट काढायला जागा नव्हती, आणि तीच तर भानगड होती.

"उजेडाचं झालं," मालक म्हणाला. "आता ह्याला साजेसा आवाज दे. खाण्याचा."

तो आवाज काही येईना. पुढचा सगळा आठवडा कोरणी आवाजाच्या बंद खोलीत घाण करत बसली. तिने पिकून लिबलिबीत झालेली पपई माइकसमोर पिळली, ओलं फडकं ताटलीवर आपटलं, जेलीच्या भांड्यात रबरी हातमोजा घालून ढवळलं. हाताला आठवडाभर सडक्या फळाचा वास येत होता. आणि इतकं करून मालक हेडफोन उतरवून म्हणायचा काय, तर "हा खात नाहीये गं. हा फळं धुतोय."

त्याचं खरं होतं. किळस ओलेपणात नसते. माणसाच्या तोंडात जे चालतं ते कुणाला ऐकू जाऊ नये अशी अपेक्षा असते. ते ऐकू आलं की किळस येते. कोरणीला हे कुणी सांगायची गरज नव्हती. ती ते रोज घरी ऐकत होती.

मागच्या हिवाळ्यात तिच्या बाबांना अर्धांगाचा झटका आला. हात सुधारला, पाय सुधारला, काठी टेकत का होईना ते घरभर फिरू लागले. डावा गाल मात्र जो उतरला तो उतरलाच. कापडाच्या मोठ्या दुकानात उभं आयुष्य गिऱ्हाइकांपुढे उभं राहून काढलेला हा माणूस. कडक कॉलर, कापलेली नखं, आणि बोलणं असं की समोरचा घ्यायला आलेला नसला तरी त्याने दोन शर्टांचं कापड घेऊन जावं. तोंड मिटून खावं, मचमच करू नये, घास संपल्याशिवाय बोलू नये, हे कोरणीला याच माणसाने शिकवलं होतं.

आता तोच माणूस तिच्यासमोर बसून दुधात भिजवलेला पाव खायचा. घास उजव्या गालात जायचा, मग घरंगळत डावीकडे यायचा आणि तिथे अडकायचा. मग जिभेने तो शोधायचा. मग चिकट, ओढलेला, बाटलीचं रबरी बूच निघावं तसा आवाज. मग काही क्षण काहीच नाही, कारण आई त्यांचं तोंड पुसत असायची. मग गिळणं, घशातून एक गडगडाट, आणि शेवटी एक दमलेला सुस्कारा. हनुवटीवरून दूध ओघळलं तर त्यांना कळायचंही नाही.

कोरणीला किळस यायची. शब्द उगाच मवाळ कशाला करा? माया होती, काळजी होती, हॉस्पिटलच्या बाकावर बसून तीही आईइतकीच रडली होती. पण ताटावर बसलं की या सगळ्यावर दुधावर साय यावी तशी किळस यायची, आणि ती काही केल्या खाली बसायची नाही. ती भराभर चार घास पोटात ढकलायची, 'काम आहे' म्हणायची आणि उठायची. बाबा म्हणायचे, "पो... रीला फार काम." ते अभिमानाने म्हणायचे. तेवढ्यात तोंडातला पाव दिसायचा.

त्या शनिवारी दुपारी तिने छोटा रेकॉर्डर पाण्याच्या तांब्यामागे ठेवला. फार विचार केला असं नाही. हात गेला आणि ठेवला. बाबा जेवले, आईने पुसलं, कोरणी अगदी समोर बसून राहिली. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच ती जेवण होईपर्यंत बसलेली पाहून बाबांनी तिच्याकडे बघून अर्धं हसू केलं. अर्धंच यायचं त्यांना.

आवाज उत्तम आला होता. धंद्याच्या हिशेबाने बोलायचं तर अप्रतिम. आईचं "अहो, सावकाश" तेवढं तिने कापून काढलं. तोंड पुसण्याच्या वेळची शांतता तशीच राहू दिली, कारण ती कापली तर घास आणि गिळणं यांची गाठ लागत नव्हती. मग तिने तो तुकडा अ‍ॅनिमॅटिकमध्ये टाकला.

अ‍ॅनिमॅटिक म्हणजे फिल्मचा कच्चा आराखडा. साधी चित्रं एकामागोमाग एक लावायची, कुठला शॉट किती वेळ चालणार ते बघायचं. त्यात आवाजही कच्चाच घालतात, तात्पुरता. पुढे खरा आवाज तयार करायचा आणि हा फेकून द्यायचा. या धंद्यातला प्रत्येकजण असंच म्हणतो, आणि या धंद्यातला प्रत्येकजण त्या फेकायच्या आवाजाच्या प्रेमात पडतो.

"तात्पुरता आहे हं," कोरणी म्हणाली. "फक्त वेळ बघायला."

सगळा वर्ग गोळा झाला होता. शिकवणाऱ्या मॅडमही होत्या. काळ्या पडद्यावर कपाटाची फट दिसली आणि तो आवाज सुरू झाला. पहिल्या घासाला कुणीतरी "ईऽऽ" केलं. दुसऱ्याला एका मुलीने कान झाकले. गडगडाट झाला तशी मागच्या बाकावरचा एकजण तोंडावर हात ठेवून खरोखरच बाहेर पळाला, आणि वर्गाने टाळ्या वाजवल्या. मालकाने उठून कोरणीला कडकडून मिठी मारली.

"कुठून आणलास हा?" मॅडमनी विचारलं. "अगदी आतून ढवळून निघालं. मध्ये थांबतो तो, ते तर भयंकर आहे."

आता खरं सांगायचं की थाप मारायची, एवढाच प्रश्न होता, आणि वेळ मारून नेणारं उत्तर तिच्या तोंडात आयतंच तयार होतं.

"शेजाऱ्यांचा कुत्रा आहे," ती म्हणाली. "म्हातारा. दात नाहीत त्याला."

सगळे हसले. कुणीतरी गाल खाली पाडून, जीभ फिरवून त्या कुत्र्याची नक्कल केली. ती इतकी हुबेहूब जमली की कोरणीने नजर वळवली. आणि तरी ती हसली. सगळे हसत होते, ती पण हसली.

त्यानंतर मालक महिनाभर राक्षसाच्या जबड्याला चिकटून बसला. जबडा आवाजाबरहुकूम हलवायचा म्हणजे कंटाळवाणं काम; एकेक चित्र पुढे न्यायचं, आवाजाशी जुळवायचं, पुन्हा मागे यायचं. मालक कितीही बढाईखोर असला तरी कामाला वाघ होता. त्याने सगळं टिपलं. घास उजवीकडे जातो, घरंगळतो, डावीकडे अडकतो. मध्ये शांतता येते तिथे राक्षस का थांबतो हे त्याला कळेना, म्हणून त्याने तिथे राक्षसाची मान वर करवली, कुणीतरी येईल म्हणून वाट बघावी तशी. काजव्याने त्या वर केलेल्या हनुवटीवर आपली उजेडाची रेघ सोडली. दोघांनी मिळून जे उभं केलं ते कोरणीने एका संध्याकाळी पडद्यावर बघितलं आणि ती उठून सिंकपाशी गेली. तिथला चमचा अजून पोहत होता.

पडद्यावर बाबा होते. हिरवट रंगाचे, कपाटामागे उकिडवे बसलेले, पण बाबाच.

तरीही तिचं मन म्हणत होतं, कोणाला कळणार आहे? ते तसं म्हणतच राहिलं असतं. पण एके दिवशी मॅडमनी जाहीर केलं की यंदाच्या फिल्म घरच्या मंडळींना बोलावून मोठ्या हॉलमध्ये दाखवायच्या, आणि आईने ते ऐकून बाबांना सांगितलं.

"मी येणार," बाबा म्हणाले. आजारपणानंतर ते घराबाहेर पडले होते ते फक्त डॉक्टरांकडे. लोकांसमोर जायला त्यांना नको वाटायचं. आणि आता हा माणूस आरशासमोर उभा राहून उजव्या हाताने कॉलरचं बटण लावायचा सराव करू लागला. "का... पड बघू," म्हणत त्यांनी आईला कपाटातले सगळे शर्ट काढायला लावले आणि त्यातला एक बोटांनी चाचपून निवडला. "पोरीचं काम आहे. बघायला नको?"

कोरणीच्या तोंडचं पाणी पळालं. मोठा हॉल, चारी बाजूंनी स्पीकर, आणि बाबा आपलंच जेवण ऐकणार. लोक "ईऽऽ" करणार, आणि बाबा ते ऐकणार. आता हा आवाज काढायलाच हवा होता.

ती दुसऱ्याच दिवशी मालकाकडे गेली. "तो तात्पुरता आवाज बदलायचाय मला."

"कुठला तात्पुरता?" तो पडद्यावरून नजर न काढता म्हणाला.

"खाण्याचा. मी नवा करते."

"वेड लागलंय का तुला? महिनाभर त्याच्यावर जबडा हलवलाय मी. आता दुसरा आवाज घातलास तर माझं सगळं पाण्यात. तोंड एकीकडे, आवाज दुसरीकडे. काय, परदेशी सिनेमाचं डबिंग करायचंय?"

"पण तो चांगला नाहीये. खरखर आहे त्यात."

"कोरणे, पाया पडतो तुझ्या. फिल्ममध्ये एकच गोष्ट धड जमलीय, ती म्हणजे तो कुत्रा."

तिने सगळं करून पाहिलं. पपई, फडकं, स्वतःचं तोंड, आवाजाच्या साठ्यातले डुकरांचे आणि बैलांचे आवाज. एकही बसेना. राक्षसाचा गाल डावीकडे उतरलेला, मान वर, आणि आवाज कुणा धडधाकट जनावराचा. त्या तोंडातून फक्त एकच आवाज निघू शकत होता. शेवटी तिने हात टेकले. आवाज बदलता येत नव्हता, कारण तोंड दिसत होतं.

आणि मग तिला वाट सुचली, ती सुचल्याबरोबर स्वतःची शिसारी आली, आणि तरी तिने ती धरली. तोंड दिसलंच नाही तर?

प्रकाशाची शेवटची बैठक होती. मॅडम आल्या होत्या. काजव्याने एकेक शॉट लावून दाखवला: फ्रिजचा दिवा, मुलीच्या पायाखालची फरशी, कपाटाची फट. मग राक्षस. कानामागून आलेली रेघ, हनुवटी, थेंब.

"मला वाटतं हे काढावं," कोरणी म्हणाली.

काजव्याने वळून बघितलं. "काय काढावं?"

"उजेड. राक्षसाच्या तोंडावरचा. पूर्ण अंधार ठेवावा. मुलगी फटीतून बघते तेव्हा फक्त तिचा डोळा दिसावा, आणि आवाज ऐकू यावा. आपण दाखवलं की बघणारा सुटतो, मॅडम. नाही दाखवलं तर तो स्वतःच्या मनाने बघत राहतो. किळस त्याने स्वतः तयार करायला हवी."

किती सुंदर बोलली! एकही अडखळणं नाही. असं ती आयुष्यात कधी बोलली नव्हती, आणि त्यातला एक शब्दसुद्धा तिचा स्वतःचा नव्हता, सगळा पुस्तकी चोथा होता. मॅडमनी मात्र मान डोलवली. "मुद्दा आहे," त्या म्हणाल्या. मालकाने आधी थयथयाट केला. महिनाभर हलवलेला जबडा अंधारात जाणार म्हणजे काय? पण मॅडमना पटलंय आणि गुण मॅडमच देणार आहेत हे ध्यानात आल्यावर तो म्हणाला, "मी पण हेच म्हणणार होतो."

काजव्याने एकेक करून दिवे मालवले. गालाची कड गेली, हनुवटी गेली, थेंब शेवटी गेला. "ठीक आहे," तो म्हणाला, आणि मातीचं मुंडकं पिशवीत घालून घरी घेऊन गेला. फिल्ममधलं सगळ्यात चांगलं काम त्याचं होतं, आणि कोरणीने ते स्वतःची लबाडी झाकायला वापरलं होतं, सतरंजीखाली कचरा ढकलावा तसं. जिन्यात तिने त्याला हाक मारली. त्याने वळून न बघता हात हलवला.

पण आता मोकळीक मिळाली होती. अंधारात कुठलाही आवाज चालणार होता. ती आवाजाच्या खोलीत गेली, दार लावलं, आणि दुधात भिजवलेला पाव घेऊन माइकला तोंड लावून खात बसली. मचमच केली, जीभ फिरवली, घास गालात धरला. मग हेडफोन लावून ऐकलं.

शी.

इतका ओंगळ आवाज तिने ऐकला नव्हता. बाबांचा बरा, असं वाटायला लावणारा. तिचे सगळे दात शाबूत होते, गाल जागेवर होता, आणि तरी तोंडाला माइक इतका जवळ आणला की तिचंही तोंड नुसतं एक ओलं भोक होतं. मग तिने तो आवाज फिल्ममध्ये घातला, बाबांचा तुकडा पुसून टाकला, तीनतीनदा तपासला, आणि घरी निघाली. तिचा जीव भांड्यात पडला होता. बाबा येतील, इस्त्रीचा शर्ट घालतील, पडद्यावर अंधार असेल आणि लेकीचं तोंड वाजत असेल. चालेल.

घरी टेबलावर दोनच ताटं मांडलेली होती.

"बाबा कुठायत?"

"आत," आई म्हणाली. ती पोळपाट पुसत होती, पुसून झालेला पोळपाट पुन्हा पुसत होती. "त्यांचं ताट आत दिलंय. आजपासून आतच जेवतो म्हणाले."

"का?"

"तुझ्या त्या मित्राने निमंत्रण पाठवलंय. सगळ्यांच्या घरी पाठवलं म्हणे. त्यात फिल्मचा तुकडा आहे थोडासा." आईने फोन टेबलावर सरकवला. "मला केवढा आनंद झाला. मीच नेऊन दाखवला त्यांना. मोठा आवाज करून."

कोरणीने फोन उचलला. मालकाने तुकडा जुन्याच फाइलवरून केला होता. कोरणीने सगळ्यांसाठी ठेवलेल्या फोल्डरमध्ये त्या शनिवारचं अख्खं रेकॉर्डिंग तसंच पडून होतं, ते पुसायचं तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. काळा पडदा, कपाटाची फट, आणि घास. उजवीकडे, घरंगळत, डावीकडे. मग अगदी स्पष्ट, आईचा आवाज: "अहो, सावकाश." मालकाने तो तसाच ठेवला होता, त्याला तो गूढ वाटला असणार. शेवटी पांढरी अक्षरं आली. राक्षसाचा आवाज: शेजारचा म्हातारा कुत्रा.

आई तिच्याकडे बघत होती. ती रागावली असती, ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आपल्या शेजारी कुत्रा कुठाय गं?" तिने विचारलं.

कोरणीने फोन उपडा ठेवला. ती आत गेली.

बाबा पलंगाच्या कडेला बसले होते. समोर स्टुलावर ताट होतं. पाव दुधात भिजून फुगून वर आला होता. त्यांनी एक घासही घेतला नव्हता, की घेत होते आणि तिची पावलं ऐकून थांबले होते, कोण जाणे. तिला बघताच त्यांनी ओठ मिटले आणि त्यावर रुमाल धरला.

"बाबा, मी तो आवाज काढून टाकलाय," ती घाईघाईने म्हणाली. "फिल्ममध्ये नाहीये तो आता. खरंच. आज काढला. त्याने जुनं पाठवलं."

त्यांनी मान हलवली. रुमालाआडून बोलले, एकेक शब्द जोडत, जुन्या गिऱ्हाइकाशी बोलावं तसं अदबीने. "चांगलं झालंय काम. मला... ओळखू नाही आलं आधी. आईच्या आवाजावरून कळलं." मग थांबून, "असं येतं होय ऐकायला?"

"नाही, बाबा. माइक जवळ असला की सगळ्यांचंच..."

"आधी सांगायचंस. मी आत बसलो असतो." ते तिची समजूत घालत होते. तेच तिची समजूत घालत होते, आणि ते ऐकवत नव्हतं. "येईन मी फिल्म बघायला. शर्ट काढून ठेवलाय. तिथे मात्र... मला काही खायला देऊ नका."

ती स्टुलासमोर जमिनीवर बसली. "मी इथेच बसते. तुम्ही जेवा. मला काही होत नाही."

त्यांनी चमचा उचलला. धरून ठेवला. दूध चमच्याच्या कडेवरून ताटात ठिबकत राहिलं, आणि त्यांनी रुमाल काही तोंडावरून काढला नाही. ती बसून राहिली. तेही बसून राहिले. बाहेर आईने नळ सोडला आणि बंद केला. शेवटी त्यांनी चमचा परत ताटात ठेवला.

"तू ऊठ," ते म्हणाले. "मग मी खातो."

ती उठली. त्यांना भूक लागली होती, म्हणून तिला उठावंच लागलं. बाहेर येऊन तिने दार लोटून घेतलं आणि दारापासून दूर, जिथे काही ऐकू येणार नाही अशा जागी जाऊन उभी राहिली.